झोई बेल
१४. झोई बेल (जन्म १९७८) : न्यूझीलंडमधील वायहेकी बेटावर जन्मलेली जिम्नॅस्ट, स्टंट कलाकार व अभिनेत्री. लहानपणी स्पर्धात्मक जिम्नॅस्टिक्स आणि पुढे तायक्वांदो, या तालमीच्या बळावर तिने ‘झीना : वॉरियर प्रिन्सेस’ मालिकेत लूसी लॉलेसची आणि ‘किल बिल’च्या दोन्ही भागांत (२००३, २००४) उमा थर्मनची डबल म्हणून काम केले. डबलचा चेहरा पडद्यावर दिसू द्यायचा नसतो. पडायचे, आदळायचे तिने आणि नाव नायिकेचे. ‘किल बिल’मधील एका प्रसंगात जोराने मागे फेकले जाताना तिचे मनगट जायबंदी झाले. ‘डेथ प्रूफ’मध्ये (२००७) दिग्दर्शक क्वेंटिन टॅरंटिनोने तिला झोई याच नावाची भूमिका दिली. भरधाव पांढऱ्या डॉज चॅलेंजरच्या बॉनेटवर, दारांना बांधलेले दोन पट्टे मुठीत घट्ट धरून ती झेपावते आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हटत नाही. ‘वन्स अपॉन अ टाइम इन हॉलिवूड’मध्ये (२०१९) तिने भूमिकाही केली आणि स्टंट समन्वयाची जबाबदारीही सांभाळली. मजकुरात ‘बिनचेहऱ्याचे कलावंत’ असा उल्लेख आहे, तो तिच्यासारख्या स्टंट कलाकारांना उद्देशून. चित्रपट संपल्यावर श्रेयनामावलीत त्यांची नावे वाचकांनी आवर्जून वाचावीत. – संपा.