शेतात पाणी आहे, तरी पीक तहानलेलं का? उत्तर दडलंय पेशीच्या पडद्यात

लोणी काळभोर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो मुळा-मुठेचा काठ, खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी आणि उसाचे फड. अशा बागायती पट्ट्यांत कधी कधी एक अजब चित्र दिसतं. रानात ओल भरपूर असते, पण जमिनीवर पांढरा थर येतो आणि पीक तहानल्यासारखं पिवळं पडतं. पाणी असून पीक सुकतं कसं? हे समजायला आधी पेशीत शिरावं लागेल.

विसरण म्हणजे काय?

घरात उदबत्ती लावली की वास स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो. कण जिथे जास्त असतात तिथून जिथे कमी असतात तिकडे आपोआप पसरतात. यालाच विसरण म्हणतात. त्यासाठी वेगळी ऊर्जा लागत नाही.

पेशीभोवती मेदाच्या दोन थरांचा अतिशय पातळ पडदा असतो, तो म्हणजे पेशीपटल. जाडी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी! पण हा पडदा सगळ्यांना आत सोडत नाही. म्हणूनच शाळेच्या पुस्तकात त्याला 'निवडक्षम पारपटल' म्हणतात.

आत जाण्याचे तीन मार्ग

१. थेट प्रवेश: ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे छोटे रेणू पडद्यातून सरळ आरपार जातात. आपल्या फुप्फुसांत प्रत्येक श्वासाला हेच घडतं.

२. मदतीने प्रवेश: ग्लुकोज किंवा मिठातल्या सोडियमला मेदाचा थर ओलांडता येत नाही. त्यांच्यासाठी पडद्यात प्रथिनांची खास दारं असतात. दिशा मात्र तीच, जास्तीकडून कमीकडे. उलट दिशेने न्यायचं असेल तर पेशीला ऊर्जा खर्च करावी लागते.

३. पाण्याचा प्रवास: पाणी थोडंफार थेट झिरपतं, पण बरंचसं 'ॲक्वापोरिन' नावाच्या प्रथिनांच्या नळ्यांतून जातं. त्यांचा शोध लावणारे पीटर ॲग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा मान मिळाला. पाण्याच्या या विसरणाला परासरण म्हणतात.

परासरणाचा सोपा नियम असा: क्षार किंवा साखर जिकडे जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. बेदाणे साध्या पाण्यात टाकले की फुगतात, कारण साखर आत असते. चिरलेल्या काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, कारण मीठ बाहेर असतं.

आता पुन्हा शेतात

मुळांच्या पेशींत विरघळलेले पदार्थ मातीतल्या पाण्यापेक्षा जास्त असतात, म्हणून पाणी आत येतं. पण मातीतच क्षार वाढले की हा फरक कमी होतो आणि मुळांना पाणी ओढणं जड जातं. क्षार फारच वाढले तर पाणी उलट पेशीतून बाहेर पडू लागतं. म्हणजे पिकाची अवस्था मीठ लावलेल्या काकडीसारखी होते! रासायनिक खताचा मोठा डोस एकदम मुळाशी पडला तर रोप करपतं, त्यामागेही हेच कारण असतं.

हे क्षार येतात कुठून?

गरजेपेक्षा जास्त पाणी दिलं आणि निचरा नसेल, तर जमिनीखालची पाणीपातळी वर येते. पाण्याची वाफ होते आणि त्यातले क्षार वरच राहतात.

पुणे जिल्ह्याला हा अनुभव जुना आहे. खडकवासला धरण १८७९ मध्ये पूर्ण झालं, तर नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला. पुढे नीरा खोऱ्यातल्या जमिनी खारवट होऊ लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी व्ही. ए. तम्हाणे यांच्यासोबत या जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये तो प्रसिद्ध केला.

मग उपाय काय?

पीक सुकताना दिसलं की हात आधी मोटारीच्या बटणाकडे जातो. खारवट जमिनीत निचऱ्याशिवाय जास्त पाणी देणं म्हणजे दुखणं वाढवणं. आधी माती परीक्षण करा आणि अहवालातली विद्युत वाहकता, म्हणजे 'ईसी', बघा. हा आकडा जितका मोठा, तितके विरघळलेले क्षार जास्त. चर किंवा भूमिगत पाइप टाकून निचरा केला, तरच दिलेल्या पाण्याबरोबर क्षार वाहून जातात. चोपण जमिनीत सोडियमचा त्रास वेगळा असतो. तिथे निचऱ्याबरोबर जिप्समही लागतं, पण किती ते परीक्षणानंतरच ठरवावं.

थोडक्यात, पिकाला किती पाणी मिळेल हे फक्त कालव्यात किती पाणी आहे यावर ठरत नाही. मुळाच्या पेशीबाहेर किती क्षार आहेत, यावरही ते ठरतं.