निवाड्याचे कागद व त्यांचा ताबा

जुना कागद हातीं आला म्हणजे संशोधक प्रथम त्याचा शक, तिथि, शिक्का व अक्षराचें वळण पाहतो. तो कोणाच्या दप्तरांत, कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदांशेजारीं होता, हा प्रश्न बहुधा मागाहून सुचतो. तोंपर्यंत उत्तर देणारा माणूस राहिलेला नसतो. न्यायासनापुढें मात्र हा प्रश्न आधीं येतो. ह्या भेदाकडे संग्राहकांचें लक्ष वेधावें, एवढ्यासाठींच हें टिपण.

१८७२ च्या हिंदी पुराव्याच्या कायद्याच्या ९० व्या कलमांत असें होतें कीं, तीस वर्षांचा जुना दस्तऐवज कोर्टास योग्य वाटेल अशा ताब्यांतून पुढें आला, तर त्यावरील सही व अक्षर ज्याचें म्हणून दिसतें त्याचेंच आहे असें कोर्टास गृहीत धरतां येईल. इतक्या काळानंतर लिहिणारा व साक्षीदार आणावयाचे कोठून, हें त्याचें कारण. योग्य ताबा म्हणजे कागद सहजच जेथें व ज्याच्या जपणुकींत असावयाचा, तेथें व त्याच्यापाशीं असणें. जमिनीचा वहिवाटदार, गहाण घेणारा सावकार, आणि मालकानें ज्याच्याकडे कागद जपावयास दिले तो आप्त, हे तिघेही कायद्याच्या उदाहरणांत योग्य ठरविले आहेत. मात्र हें गृहीत धरणें कोर्टाच्या मर्जीवर आहे; शिवाय कागद अस्सल ठरला म्हणजे त्यांतील मजकूर खरा ठरला, असेंही नव्हे. १ जुलै २०२४ पासून ह्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. त्यांत हें कलम ९२ वें झालें आहे, आणि तीस वर्षांची मर्यादा तीच आहे.

आतां हा नियम मराठेशाहींतील निवाड्यांस लावून पाहूं. वतनाचा कज्जा गोतापुढें अगर पंचांपुढें आला म्हणजे उभय वाद्यांकडून राजीनामे व जामीन घेत. प्रत्येकाची तकरीर लिहून होई. मग कागद व साक्षी पाहत. याज्ञवल्क्यानें सांगितलेलीं लेख, भोग व साक्षी हीं तीन प्रमाणें पंचांपुढेंही असत, आणि तीं खुंटलीं म्हणजे दिव्य. जिंकणारा सरकारांत हरकी भरून निवाडपत्र नेई. हरणारा यजितखत लिहून देई. हें यजितखत लिहिणाराच्या घरीं असण्याचें कारण नाहीं. तें जिंकणाराच्या दप्तरांत, निवाडपत्राच्या शेजारींच असावयाचें. तेथें सांपडलें तर दोन्ही कागद एकमेकांस बळकटी देतात. हरलेल्याच्या वंशजांकडे निघालें, तर ती नक्कल आहे, कीं लिहून न दिलेलें अस्सल, कीं पुढें समेट होऊन परत आलेलें, हें शोधावें लागतें. बाजारांत सुटें मिळालें तर शोधास जागाच उरत नाहीं.

म्हणूनच रुमाल फोडून शिक्क्याचे कागद तेवढे वेगळे काढण्याची जी चाल संग्राहकांत आहे, ती आम्हांस घातक वाटते. निवाडपत्र चौकटींत जातें, जामीनकतबा व तकरीर रद्दींत. वस्तुतः हरलेल्याचें म्हणणें त्याच्या शब्दांत कोठें असेल तर त्या तकरिरींतच. निवाडपत्रांत तिचा सारांश येतो खरा, पण तो तिला खोटें ठरविणारांच्या लेखणीचा!

नकलांविषयीं आमचें मत थोडें निराळें आहे. १९३५ सालीं बसंतसिंग विरुद्ध ब्रिजराज सरनसिंग ह्या दाव्यांत प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें कीं, ९० व्या कलमाचें अनुमान प्रत्यक्ष पुढें आलेल्या अस्सलासच लागतें, नकलेस नाहीं. हा दंडक इतिहासास जसाच्या तसा लावल्यास देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांतील किती तरी नकला टाकाव्या लागतील. कोर्टास त्या दाव्याचा निकाल द्यावाच लागतो. आम्हांस निकाल तहकूब ठेवण्याची मुभा आहे. मात्र नकलेस नक्कल म्हणून छापावें, आणि ती कोणाच्या दप्तरांतून आली हें अस्सलापेक्षांही काळजीनें सांगावें.

तरी कागद मिळतांच गांव, घराणें, रुमालावरील नोंद, कागदांचा मूळ क्रम, आणि ते दान मिळाले कीं विकत घेतले, इतकें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. ही टीप वेगळ्या चिठ्ठीवर करावी. कागदाच्या पाठीवर शाईनें लिहूं नये.