‘घाशीराम कोतवाल’ : नाचत्या भिंतीसमोर दुभंगलेला प्रेक्षक

पिंपरी-चिंचवडमध्ये जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरले. त्याचे अध्यक्षपद डॉ. जब्बार पटेल यांच्याकडे होते. उद्योगनगरीने सन्मानाने मंचावर बसवलेल्या या दिग्दर्शकाच्या एका नाटकाने त्याच्या ५१ वर्षे आधी शेजारच्या पुण्यातील प्रेक्षकांची सरळ दोन गटांत विभागणी केली होती. ते नाटक म्हणजे विजय तेंडुलकर लिखित ‘घाशीराम कोतवाल’.

नृत्य, संगीत आणि समूहाच्या हालचाली यांतून भीतीचे वातावरण उभे करणारे असे नाटक मराठी रंगभूमीने त्यापूर्वी क्वचितच पाहिले होते. त्याच्या देखणेपणाबद्दल फारसे दुमत नव्हते. वाद झाला तो या देखणेपणाच्या आड काय दाखवले गेले याबद्दल. आजही हे नाटक कोणत्याही भाषेत रंगमंचावर येणार म्हटले की प्रथम उत्सुकता निर्माण होते आणि पाठोपाठ जुना वाद डोके वर काढतो. या दोहोंचे मूळ एकच आहे काय, हे समजून घेण्यासाठी नाटकाचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल.

पडदा उघडण्यापूर्वीची उत्सुकता

‘घाशीराम’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजेच पीडीए, ही संस्था तो सादर करीत होती. तेंडुलकरांचे नाव तोपर्यंत वादाशी जोडले गेले होते. ‘गिधाडे’ने मध्यमवर्गीय कुटुंबातील हिंसा उघडी केली होती. त्याच वर्षी आलेल्या ‘सखाराम बाइंडर’चा परिनिरीक्षण मंडळाशी संघर्ष झाला होता. त्यामुळे तेंडुलकरांच्या नव्या नाटकात काय असेल, याकडे जाणकारांचे लक्ष असणे स्वाभाविक होते.

नाटक करणारी मंडळी मात्र व्यावसायिक नव्हती. डॉ. पटेल हे दौंड येथे वैद्यकीय व्यवसाय करीत असत. नाना फडणवीसांची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे मानसोपचाराच्या क्षेत्रातले. दिग्दर्शनात साहाय्य करणारे सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे अभ्यासक. घाशीरामाच्या भूमिकेत रमेश टिळेकर होते. संगीत भास्कर चंदावरकर यांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. दिवसा आपापली कामे सांभाळून संध्याकाळी तालीम करणाऱ्या हौशी कलावंतांचा हा संच होता. कारखान्यातील पाळी संपवून कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धेसाठी तालमीला धावणाऱ्या पिंपरी-चिंचवडच्या कलावंतांना हे चित्र परिचयाचे वाटावे.

माणसांची भिंत

नाटकाची सुरुवात मंगलमय आहे. धोतर-उपरणे ल्यायलेले बारा ब्राह्मण ओळीने उभे असतात. गणपती, सरस्वती आणि लक्ष्मी नाचत येतात. कोकणातील खेळे आणि दशावताराची आठवण करून देणारा हा प्रारंभ प्रेक्षकाला निर्धास्त करतो. पुढे कीर्तन, अभंग, लावणी यांची पखरण होत जाते.

ही ओळ साधी नाही. ती डोलते, दुभंगते, पुन्हा जुळते. कधी ती पडदा होते, कधी पुण्यनगरीचा रस्ता, कधी गर्दी. तिने प्रेक्षकाकडे पाठ फिरवली की मागे काहीतरी झाकले गेले आहे, हे कळते. रात्री बावनखणीत जाणारे आणि विचारल्यास कीर्तनाला चाललो असे सांगणारे लोक याच ओळीतून बाहेर पडतात व पुन्हा याच ओळीत मिसळतात. गुन्हा आणि भक्ती यांना एकच ताल दिल्यामुळे प्रेक्षक कशावर मान डोलावतो आहे, हे त्याला काही क्षण उमगत नाही. उमगते तेव्हा तो अस्वस्थ होतो.

कथानक थोडक्यात असे. कनोजचा घाशीराम पोटासाठी पुण्यात येतो. गुलाबी नावाच्या कलावंतिणीकडे तो चाकरी करतो. दक्षिणेच्या आशेने गेला असता त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो. त्याला मारहाण होते, कोठडीत टाकले जाते आणि शहराबाहेर हाकलले जाते. अपमानाने पेटलेला घाशीराम या शहराचा सूड घेण्याची प्रतिज्ञा करतो. त्यासाठी तो आपल्या कोवळ्या मुलीला, ललितागौरीला, नानांच्या वासनेपुढे ठेवतो आणि बदल्यात कोतवाली मिळवतो. मग परवान्यांचे आणि शिक्षांचे राज्य सुरू होते. संशयिताच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवून खरे-खोटे ठरवले जाते. इकडे मुलगी मरण पावते. सूडाची किंमत बापाला कळते, पण परतीचा मार्ग उरलेला नसतो. कोठडीत कोंडलेल्या ब्राह्मणांचा मृत्यू होतो, लोक खवळतात आणि नाना शांतपणे घाशीरामाच्या मृत्यूच्या आज्ञेवर सही करतात. जमाव त्याला ठेचतो. शेवटी नाना उत्सव जाहीर करतात आणि ओळ पुन्हा नाचू लागते.

घाशीराम हा या नाटकाचा खलनायक खरा, परंतु त्याला घडवणारे हात वेगळे आहेत. सत्ता आपल्या सोयीसाठी एक क्रूर माणूस तयार करते, वापरते आणि गैरसोयीचा होताच जमावाच्या स्वाधीन करते. हे सारे घडत असताना भिंतीतील कोणीही हललेला नसतो. हा नाटकाचा खरा गाभा होय.

इतिहास आणि नाटक

घाशीराम सावळदास ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. पेशवाईत तो पुण्याचा कोतवाल होता. १७९१ मध्ये त्याच्या कैदेत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मरण पावले. लोकक्षोभ इतका तीव्र झाला की घाशीरामाला जमावाच्या हवाली करण्यात आले व दगडांनी ठार मारण्यात आले. मोरोबा कान्होबा विजयकर यांनी १८६३ मध्ये याच नावाचे पुस्तक लिहिले होते. म्हणजे विषय मराठी वाचकाला अगदी अपरिचित नव्हता.

परंतु नाना फडणवीस (१७४२–१८००) हे मराठी मनात मुत्सद्देगिरीचे प्रतीक म्हणून स्थिर झालेले नाव. त्यांना रंगेल, लहरी आणि स्वार्थी रूपात, तेही नाचताना, पाहणे अनेकांना असह्य झाले. तेंडुलकरांनी हे नाटक ऐतिहासिक नसल्याचे स्पष्ट केले होते. विशिष्ट सामाजिक परिस्थितीत घाशीराम कसे निर्माण होतात, यात त्यांना रस होता. मात्र पात्राला नानांचे नाव दिल्यावर ‘हा इतिहास नाही’ हा खुलासा पुरेसा ठरतो काय, हा आक्षेपकांचा प्रश्न होता. तो प्रश्न अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

दोन तट

प्रतिक्रिया ढोबळमानाने दोन प्रकारच्या होत्या. लोककलांचा असा आधुनिक वापर मराठीत प्रथमच होत असल्याचे सांगून एका गटाने प्रयोगाचे स्वागत केले. दुसऱ्या गटाच्या मते नाटक ब्राह्मणद्वेष्टे होते आणि एका राष्ट्रपुरुषाची बदनामी करणारे होते. याखेरीज एक तिसरा, कमी चर्चिला गेलेला सूरही होता. नृत्य-संगीताची मोहिनी इतकी जबरदस्त आहे की सत्तेच्या क्रौर्याचा आशय त्यात बुडून जातो आणि प्रेक्षक केवळ चाल गुणगुणत घरी जातो, अशी ही टीका होती. पहिल्या दोन गटांच्या गदारोळात ती मागे पडली, तरी कलेच्या दृष्टीने तीच अधिक गंभीर आहे.

वादाचा पहिला तडाखा संस्थेच्या आतूनच बसला. १९ प्रयोगांनंतर पीडीएचे अध्यक्ष भालबा केळकर यांनी नाटक थांबवले. नाटक करणाऱ्या तरुणांना हा निर्णय मान्य नव्हता. त्यांनी संस्था सोडली आणि २७ मार्च १९७३ रोजी थिएटर अकॅडमीची स्थापना केली. जानेवारी १९७४ मध्ये ‘घाशीराम’ नव्या संस्थेतर्फे पुन्हा उभे राहिले. एका नाटकासाठी संस्था दुभंगावी आणि त्यातून दुसरी जन्माला यावी, ही मराठी रंगभूमीवरील दुर्मीळ घटना होती. पुढे ‘महानिर्वाण’, ‘तीन पैशाचा तमाशा’ यांसारखी नाटके याच अकॅडमीने दिली.

१९७६ मध्ये युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हने याच नावाचा चित्रपट काढला. पटकथा तेंडुलकरांचीच होती. नानांच्या भूमिकेत पुन्हा डॉ. आगाशे होते, तर घाशीराम साकारणाऱ्या ओम पुरी यांचा हा पदार्पणाचा चित्रपट ठरला.

दुसरा मोठा वाद १९८० मध्ये युरोप दौऱ्याच्या वेळी उसळला. घरातील भांडण घरात ठीक, परंतु परक्यांसमोर नाना फडणवीसांचे असे चित्र उभे करणे म्हणजे महाराष्ट्राची अप्रतिष्ठा, असे विरोधकांचे म्हणणे होते. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. इतिहासातील नाना थोर मुत्सद्दी होते आणि हे नाटक इतिहास नव्हे, असे निवेदन प्रयोगापूर्वी करण्याचा तोडगा निघाला आणि दौरा पार पडला. युरोपातील प्रेक्षकांना नानांचे चरित्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्यासमोर होती ती केवळ नाचणारी, गाणारी आणि गुन्हा झाकणारी माणसांची भिंत.

पॅरिसपासून व्हेनिसपर्यंत

नृत्यातून अंधाराचे दर्शन घडवले की प्रेक्षक दुभंगतो, हा अनुभव केवळ पुण्याचा नाही. २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये स्ट्राव्हिन्स्कीचे संगीत आणि निजिन्स्कीची नृत्यरचना असलेले ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ हे बॅले प्रथम सादर झाले. निवडलेली मुलगी बळी म्हणून मरेपर्यंत नाचते, असा त्याचा विषय. बॅलेकडून लालित्याची अपेक्षा घेऊन आलेल्या प्रेक्षागृहात हुल्लड आणि दाद एकाच वेळी उमटली. पुढे तीच रचना विसाव्या शतकातील संगीताचा मानदंड ठरली.

अलीकडचे उदाहरण डॅरेन ॲरोनॉफ्स्की यांच्या ‘ब्लॅक स्वान’ या चित्रपटाचे. सप्टेंबर २०१० मध्ये व्हेनिस महोत्सवाचा प्रारंभ त्याने झाला. भूमिकेच्या ध्यासात मनाचा तोल गमावणाऱ्या नर्तिकेची ही कथा पाहण्यासाठी जगभर गर्दी झाली आणि २०११ मध्ये नताली पोर्टमन यांना ऑस्कर मिळाले. बॅलेच्या क्षेत्रातील अनेकांनी मात्र आपल्या कलेचे विकृत चित्रण झाल्याची तक्रार केली. इथेही तक्रारीचे स्वरूप ओळखीचे आहे. सुंदर म्हणून जपलेल्या गोष्टीच्या पोटात हिंसा दाखवली गेली, हेच दुखणे होते.

‘घाशीराम’ मात्र या दोन्हींपेक्षा एक पाऊल पुढे जाते. ‘ब्लॅक स्वान’मध्ये अंधार एका नर्तिकेच्या मनात आहे. ‘घाशीराम’मध्ये तो एका शहराच्या मनात आहे, आणि ते शहर म्हणजे समोर बसलेला प्रेक्षक. टाळ्या आणि निषेध एकाच प्रेक्षागृहातून आले याचे कारण बहुधा हेच असावे. जे नृत्य आवडले त्यातच आपण सामील होतो, ही जाणीव कोणाला अंतर्मुख करते, तर कोणाला संतप्त.

आजचा संदर्भ

हे नाटक हिंदीसह अनेक भाषांत गेले. जयंत कर्वे आणि एलिनॉर झेलियट यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. २०२५ मध्ये ते हिंदीतून नव्या संचात रंगमंचावर आले. त्यात नानांची भूमिका संजय मिश्रा यांनी केली. प्रत्येक काळात प्रेक्षकांनी त्यात आपापले नाना आणि आपापले घाशीराम शोधले. मूळ वादाचे केंद्र जात आणि इतिहास हे होते. नंतरच्या पिढ्यांना सत्ता आणि तिने पोसलेले बाहुबली अधिक दिसू लागले.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या परिसरात या नाटकाचा आणखी एक पदर जाणवतो. हा पट्टा बाहेरून पोटासाठी आलेल्या माणसांनीच उभा केला. महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांतून आणि उत्तरेतील राज्यांतून आलेले हात येथील यंत्रांवर चालतात. परक्या शहरात काम मागायला आलेल्या माणसाला चोर ठरवून हाकलले, की त्याच्या मनात काय साचते, हा ‘घाशीराम’च्या पूर्वार्धातील प्रश्न आहे. वादाच्या धुरळ्यात त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. घाशीरामाच्या क्रौर्याचे समर्थन नाटक करत नाही. ते क्रौर्य कोठे रुजले ती जागा तेवढी ते दाखवते.

चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह असो वा संत तुकारामनगरातील आचार्य अत्रे रंगमंदिर, नाटक संपल्यावर वाहनतळापर्यंत चालणारी चर्चा हीच कोणत्याही प्रयोगाची खरी पावती असते. ‘घाशीराम’च्या बाबतीत ती चर्चा पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. एकमत झाले असते, तर ती केव्हाच संपली असती.

ठळक टप्पे

१७९१ : पुण्यात घाशीराम कोतवालाचा जमावाकडून अंत.
१८६३ : मोरोबा कान्होबा विजयकर यांचे पुस्तक.
१६ डिसेंबर १९७२ : भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग.
१९७३ : १९ प्रयोगांनंतर नाटक बंद, थिएटर अकॅडमीची स्थापना.
१९७४ : नाटकाचे पुनरागमन.
१९७६ : चित्रपट.
१९८० : युरोप दौरा आणि वाद.
२०२४ : पिंपरी-चिंचवड येथील शंभराव्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष डॉ. जब्बार पटेल.
२०२५ : हिंदीत नव्या संचात सादरीकरण.