मेसच्या बिलापासून दक्षता समितीपर्यंत

डिसेंबर 1973 मध्ये अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई अभियांत्रिकी महाविद्यालयात वसतिगृहाच्या मेसचे बिल 20 टक्क्यांनी वाढले आणि विद्यार्थी संतापले. वरवर पाहता ही एका वसतिगृहाची कुरबुर होती. तिच्यामागे मात्र धान्याची आणि तेलाची देशव्यापी महागाई होती. त्याच वर्षी केंद्र सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला होता. पुरेसा गहू सरकारी कोठारात आला नाही आणि मार्च 1974 मध्ये हे धोरण सोडून द्यावे लागले.

जानेवारीत संप इतर महाविद्यालयांत पसरला. नवनिर्माण युवक समिती स्थापन झाली. शिक्षक, मध्यमवर्ग, कामगार तिच्यासोबत आले. 9 फेब्रुवारी 1974 रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांनी राजीनामा दिला. मार्चमध्ये विधानसभा बरखास्त झाली. या काळात शंभरावर माणसे प्राणाला मुकली.

या आंदोलनाची नोंद सहसा जयप्रकाशांच्या चळवळीची आणि आणीबाणीची पूर्वपीठिका म्हणून होते. तिचे मूळ ताटात होते, हे त्यात मागे पडते. सरकार पडले; पण धान्य किती खरेदी करायचे, कोणाला किती द्यायचे, हे ठरवणाऱ्या बैठकीत तरुणांना जागा मिळाली नाही. त्या विद्यार्थ्यांपैकी एकविशीच्या आतल्यांना तर मताचाही हक्क नव्हता. मतदानाचे वय 18 वर आले ते 61 व्या घटनादुरुस्तीने, 1989 मध्ये.

पुढे 2013 मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. शाळकरी मुलांचे दुपारचे जेवण हा त्यात कायदेशीर हक्क ठरला. राज्य अन्न आयोगावर किमान दोन महिला आणि अनुसूचित जाती व जमातींची प्रत्येकी एक व्यक्ती असावी, असे बंधन आले. रेशन दुकानापर्यंतच्या दक्षता समित्यांत महिला, निराधार, अपंग यांनाही प्रतिनिधित्व मिळाले. या याद्यांत तरुणांचा उल्लेख नाही. कायद्याच्या लेखी मूल खाणारे आहे. तेच विशीत आल्यावर विचारणारे होईल, याची तरतूद नाही.

खरे तर या समित्यांचे सदस्य कोण असावेत, हे राज्य सरकारेच नियमांनी ठरवतात. गावातल्या विशीतल्या मुलामुलींसाठी दोन जागा राखायला संसदेत जावे लागत नाही. अशी जागा नसली की प्रश्न रस्त्यावर येतो, आणि तिथे त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते. गुजरातने 1974 मध्ये ती मोजली आहे.