त्रुटित खेळयंत्रे : एका उपेक्षित साधनवर्गाचा विचार

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी अडकित्ते, दिवे, कुलुपे, बाहुल्या, गंजिफा असल्या घरगुती वस्तू जमविण्यास आरंभ केला, त्या काळी या वस्तूंना इतिहासाची साधने म्हणावयास फार थोडे विद्वान तयार झाले असते. कागदपत्रे, ताम्रपट, नाणी आणि शिलालेख यांच्यापलीकडे संशोधकाची दृष्टी क्वचितच जात असे. केळकरांचा संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला, आणि शुक्रवार पेठेतील जागा अपुरी पडू लागल्यावर त्याच्या विस्तारासाठी बावधन येथे जमीन देण्यात आली. वीस हजारांच्या घरातील या वस्तूंना उद्या तेथे प्रशस्त दालने मिळतील, तेव्हा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतील मराठी घराचे प्रतिनिधित्व कोणत्या वस्तूंनी करावयाचे, हा प्रश्न टाळता येणार नाही. त्या घरात दूरचित्रवाणी संच होता, आणि पुष्कळ घरांत त्याला जोडलेले एक लहानसे खेळयंत्रही होते. बोलीत त्याचे नाव ‘व्हिडिओ गेम’, आणि त्यात घालावयाच्या खेळाच्या ठोकळ्याचे नाव ‘कॅसेट’.

मुळशी तालुक्यातील बावधन बुद्रुक हे गाव जून २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत सामील झाले. तथापि त्याच्या आधीच दोन-अडीच दशके पेठांतील वाडे व चाळी सोडून आलेली कुटुंबे बावधनच्या परिसरातील नव्या इमारतींत स्थिरावत होती. घर बदलताना जे टाकवत नाही आणि ज्याचा उपयोगही उरलेला नाही, ते माळ्यावर जाते. खेळयंत्रे अशीच माळ्यावर गेली. आज ती खाली उतरतात, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात जातात किंवा संग्राहकांच्या हाती पडतात. आणि खाली उतरताना ती जवळजवळ नेहमीच त्रुटित असतात. कोणाची तार तुटलेली, कोणाचा रिमोट हरवलेला, कोणाच्या कॅसेटचे वरचे कवच नाहीसे होऊन हिरवी पट्टीच उघडी पडलेली. संग्राहक अशा वस्तूची किंमत कमी करतो. इतिहासकाराने मात्र थोडे थांबून पाहावे असे तीत बरेच काही आहे.

निंटेंडो या जपानी कंपनीचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’ जुलै १९८३ मध्ये जपानात विक्रीस आला. भारतात याच घराण्याचे यंत्र ‘समुराई’ या नावाने विकले गेले. पण सर्वसामान्य मराठी घरात पोचली ती त्याची अनुकरणे. लिटल मास्टर, टर्मिनेटर, पुढे मिताशीची यंत्रे, आणि ज्यांच्यावर कसलेच नाव नाही अशी असंख्य. या अनुकरणांच्या सुकाळाचे कारण कर-धोरणात सापडते. १९९५ साली सेगा कंपनीचे ‘मेगा ड्राइव्ह’ शॉ वॉलेसच्या वितरणाखाली भारतात आले, ते मुळी ८० टक्क्यांचे आयात शुल्क टाळण्यासाठी. आणि तरीही त्याची किंमत १८,००० रुपये होती. मध्यमवर्गीय पगारदाराने एवढी रक्कम मुलांच्या खेळावर खर्चावी हे संभवनीय नव्हते. सबब येथील संग्रहात अस्सल यंत्र अपवाद आणि नक्कल हाच नियम आहे. अस्सल-नकलीचा विलायती संग्राहकांचा निकष येथे जसाच्या तसा लावला, तर महाराष्ट्रातील बहुतेक सारे साधनच कचऱ्यात काढावे लागेल. नाण्यांच्या अभ्यासकांना हा पेच परिचित आहे. खोट्या नाण्यानेही बाजाराची साक्ष दिलेली असते.

नकलेचा काळ ठरविणे कठीण. अस्सल यंत्राच्या पट्टीवर सुट्या चिपा असतात आणि त्यांवर निर्मात्याचे चिन्ह व बहुधा उत्पादनाचा आठवडाही छापलेला असतो. जुन्या नकलांतही तैवानच्या यूएमसी कंपनीच्या ‘६५२७पी’ व ‘६५३८’ अशा क्रमांकांच्या चिपा आढळतात, तेवढ्यावरून काही अनुमान बांधता येते. पुढील नकलांत सारे यंत्र एकाच चिपेत सामावले, आणि ती चिपही काळ्या राळेच्या थेंबाखाली झाकली गेली. त्या थेंबावर अक्षर नाही, अंक नाही. हा थेंब फुटला वा आतील बारीक तार सुटली तर दुरुस्तीही अशक्य. कॅसेटच्या बाबतीत याहून विलक्षण प्रकार दिसतो. ‘अनेक खेळ एकात’ अशा कॅसेटमध्ये खेळाच्या आरंभीच्या पडद्यावरून मूळ कंपनीचे नाव व साल पुष्कळदा खरवडून टाकलेले असते, आणि वेष्टनावर छापलेली खेळांची संख्या प्रत्यक्षातील मोजक्याच खेळांची पुनरावृत्ती करून गाठलेली असते. पोथीच्या शेवटचे पान फाडून लेखक, लेखनिक आणि शक यांची नोंद नाहीशी करावी, तशातलीच ही गोष्ट.

मग काळ सांगणारे पान कोणते? ते खोक्यावर होते. बांधीव मालाविषयीच्या १९७७ च्या केंद्रीय नियमांनुसार वेष्टनावर निर्मात्याचे नाव व पत्ता, महिना व वर्ष आणि विक्रीची किंमत छापणे आवश्यक होते. या नियमांचे पालन कितपत होई हा वेगळा विषय. परंतु जेथे ते झाले, तेथे यंत्र कोणी विकले, केव्हा आणि केवढ्यास, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या पुठ्ठ्यावर होती. आणि घरातून सर्वांत आधी बाहेर गेला तो पुठ्ठाच. रद्दीवाल्याकडे तरी, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून. संग्राहक खोक्यासाठी जादा पैसे मोजतात ते शोभेपायी. त्याचे खरे मोल त्या छापील चौकटीत आहे, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

आता यंत्राच्या दोषांकडे वळावयास हरकत नाही. पहिला आणि सर्वांत व्यापक दोष कॅसेट व यंत्र यांच्या सांध्याचा. जपानी घडणीच्या यंत्रात या सांध्याला ६० आणि अमेरिकेतील घडणीत ७२ पाती असतात. कॅसेट वारंवार आतबाहेर केल्याने पाती ढिली पडतात. पातींवर धूळ व गंज चढतो. पडद्यावर चित्राऐवजी चौकडीची रांगोळी उमटते. यावर घरोघरी एकच उपाय चाले : कॅसेट काढावी, तिच्या तोंडात जोराने फुंकर मारावी आणि पुन्हा बसवावी. उपाय लागू पडे, पण श्रेय फुंकरीचे नव्हते. पुन्हा बसवताना पाती नव्या जागी घासली जात एवढेच. श्वासातील ओल मात्र तांब्याला मागाहून हिरवट करी. स्वस्त कॅसेटींच्या पट्टीवर सोन्याचा मुलामा बेताचाच असे, तेव्हा मावळच्या पावसाळी हवेत हा परिणाम अधिक वेगाने झाला. आज हाती येणाऱ्या कॅसेटच्या कडेवरील हिरवे डाग हे एका अर्थी मुलांच्या श्वासाचेच अवशेष होत, आणि स्वच्छ करण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घेऊन ठेवणे अगत्याचे आहे.

दुसरा दोष विजेचा. अस्सल जपानी यंत्राचा अडॅप्टर १०० व्होल्टच्या प्रवाहासाठी घडविलेला, अमेरिकेतील १२० व्होल्टसाठी. परदेशस्थ नातलगांनी आणलेले असे यंत्र येथील २३० व्होल्टच्या खटक्यात सरळ लावले की अडॅप्टर जळालाच म्हणून समजावे. शिवाय अमेरिकी अडॅप्टर उलटसुलट वाहणारा प्रवाह देतो, आणि जपानी यंत्राला एकाच दिशेचा प्रवाह लागतो; बाहेरून खोबण सारखी दिसते म्हणून एकाचा दुसऱ्याला लावला तर यंत्र निकामी होते. नकलांमध्ये ९ व्होल्टचे कसलेही अडॅप्टर चालवून पाहिले जात. परिणामी आतील ‘७८०५’ हा व्होल्टेज ५ वर आणणारा भाग तापून तापून खराब झालेला आढळतो. अडॅप्टर हरवलेला असणे ही म्हणूनच साधी उणीव नव्हे. कोणता अडॅप्टर होता हे न कळता यंत्र चालू करून पाहण्याच्या मोहाने जितकी यंत्रे गेली, तितकी माळ्यावरच्या धुळीने गेली नसतील.

इतर दोषांचा उल्लेख थोडक्यात पुरे. विद्युत्-साठा करणारे कपॅसिटर काही काळाने गळतात आणि पट्टीवरील तांबे खातात. १९९० च्या ‘गेम गिअर’ या हातातील यंत्राची याविषयी विशेष कुप्रसिद्धी आहे. कवचाचे पांढरे-करडे प्लॅस्टिक उजेडाने व हवेने पिवळे पडते. ते हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळण्याची रीत २००८ पासून संग्राहकांत रूढ झाली. पण उजळलेले कवच पुन्हा पिवळे पडू शकते, आणि बेताने न केल्यास डागाळतेही. रिमोटच्या बटणाखालील रबरावरचा काळा थर झिजतो, आणि उजव्या बोटाखालचे बटण डाव्यापेक्षा आधी जाते. कोणता खेळ अधिक खेळला गेला याचा हा मूक पुरावा आहे. सतत गोळ्या झाडण्याचे खेळ असलेल्या घरात तो स्पष्ट दिसावा.

हरवलेल्या भागांत खेळण्यातील बंदुकीची कथा निराळी आहे. ती पुष्कळदा सापडते, चालूही असते, आणि तरी निरुपयोगी असते. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतील प्रकाशग्राहक तो टिपतो. काचेच्या जुन्या चित्रनळीवर हे घडे, कारण चित्र त्या क्षणीच रेखाटले जाई. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते, आणि बंदूक प्रत्येक वेळी हुकते. येथे उणा पडलेला भाग खोक्यात कधी नव्हताच. तो दिवाणखान्यात होता, आणि भंगारवाल्याने तो किलोच्या भावाने नेला.

दूरचित्रवाणीचा संबंध एवढ्यावर संपत नाही. भारतीय संच सेकंदाला ५० चित्रक्षेत्रे दाखवी, जपानी व अमेरिकी ६०. ५० च्या मानाने घडविलेल्या नकलेवर बरेचसे खेळ मुळाच्या पाच-षष्ठांश गतीने धावत, आणि त्यांचे संगीतही त्याच प्रमाणात रेंगाळे. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ येथील ज्या मुलांनी अशा यंत्रावर खेळला, त्यांच्या कानातील त्याची चाल जपानातील मुलाच्या कानातील चालीहून संथ आहे. आता एखाद्या संग्राहकाने बिघडलेली पट्टी काढून तिच्या जागी ६० च्या मानाची चालू पट्टी बसविली, तर यंत्र उत्तम चालेल, बाह्यतः पूर्ण दिसेल, आणि तरीही खोटे सांगेल.

संग्राहकांच्या व्यवहारातील ‘पूर्णता’ या कल्पनेवरील मुख्य आक्षेप हाच आहे. तीन मोडक्या यंत्रांतून एक चालू यंत्र तयार करणे हे बाजारात कौशल्य गणले जाते, आणि खेळण्यासाठीच यंत्र हवे असेल तर त्यात काही गैरही नाही. परंतु अशा संकरित यंत्राच्या कवचावरून, चिपांवरून वा तारांवरून कोणतेच अनुमान काढता येत नाही, आणि उरलेली दोन यंत्रे तर कायमची गेलेली असतात. पुण्यातील विद्वत्परंपरेला या प्रश्नाचे उत्तर अपरिचित नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्णत्वास गेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना, विष्णु सीताराम सुकथनकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या पाठाविषयी खात्री कमी होती त्याखाली नागमोडी रेघ छापली. वाचकाला संहिता मिळाली आणि संपादकाचा हातही दिसत राहिला. यंत्राच्या दुरुस्तीतही असा हात दिसत राहावा. बदललेला कपॅसिटर कोणता, तो केव्हा बदलला, काढलेला कोठे ठेवला, याची चिठ्ठी कवचाच्या आत चिकटविण्यास पाच मिनिटे पुरतात.

याच न्यायाने जुन्या दुरुस्तीकडेही पाहावयास हवे. तपकीर गल्लीतून आणलेली भलत्याच रंगाची तार, अगरबत्तीच्या चटक्याने जोडलेले प्लॅस्टिक, रिमोटच्या टोकाला गुंडाळलेली काळी चिकटपट्टी, हे सारे संग्राहकाच्या यादीत ‘दोष’ या सदरात पडते. वास्तविक नव्वदीतील पुण्याची दुरुस्तीची विद्या कशी होती, याचा लेखी पुरावा अत्यल्प असताना अशी प्रत्येक डागणी मोलाची आहे. तिला अस्सल तारेने बदलणे म्हणजे पत्राच्या समासातील टीप खोडणेच होय.

दोषांपैकी एक मात्र असा आहे की, ज्यात विलंब केल्यास भरपाई नाही. काही कॅसेटींत खेळाची प्रगती टिकविण्यासाठी नाण्याच्या आकाराची बॅटरी असते. अमेरिकेत १९८७ साली आलेली ‘द लीजंड ऑफ झेल्डा’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. मराठी घरांत अशा कॅसेटी कमी, कारण नकली कॅसेटींत ही सोय बहुधा नसे. पण मेगा ड्राइव्हबरोबर आलेल्या किंवा परदेशांतून आलेल्या ‘गेम बॉय’च्या कॅसेटींत ती सापडते. ही बॅटरी दहा ते वीस वर्षे टिकते, अनुकूल परिस्थितीत काहीशी अधिक. १९९९ च्या ‘पोकेमॉन’ कॅसेटींत तिला घड्याळही चालवावे लागत असल्याने ती लवकर संपते. बॅटरी जिवंत असेपर्यंत त्या स्मृतीत खेळणाऱ्याने घातलेले नाव, त्याने गाठलेला टप्पा, बहीण-भावांनी वाटून घेतलेल्या जागा हे सारे शाबूत असते. बॅटरी संपली की ते पुसले जाते. आणि ती बदलण्यासाठी काढली तरीही पुसले जाते. म्हणून नवी बॅटरी डाखण्यापूर्वी स्मृतीची नक्कल वाचकयंत्राने संगणकावर उतरवून घ्यावी लागते. हे यंत्र आज सहज मिळते. विकत घेणारा मात्र प्रथम बॅटरीच बदलतो, कारण ‘नवी बॅटरी’ असे लिहिले की कॅसेटला भाव चढतो.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत खेळयंत्रांचाही अंतर्भाव झाला आहे. पर्यावरणाच्या दृष्टीने ते योग्यच. पण माळा रिकामा करणाऱ्या कुटुंबाला यापुढे विल्हेवाटीचा सरळ मार्ग उपलब्ध असेल, आणि यंत्र तेथे तारा, तांबे व प्लॅस्टिक अशा वर्गवारीत विभागले जाईल. तत्पूर्वी ते कोठे घेतले, केवढ्यास घेतले आणि कोणत्या संचाला जोडले होते, एवढे तीन प्रश्न घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून उत्तरे वहीत टिपून घेता येतात. खोका गेला असला तरी ज्यांनी तो विकत आणला ती माणसे बावधनच्या या घरांत अद्याप आहेत.