बोर्डोची फवारणी आणि सातबाऱ्यावरचं नाव

आम्ही कांजूरमार्गच्या बायका बोलतोय. आमच्यात कुणाचं माहेर निफाडकडचं, कुणाचं सासर तासगावकडचं. पोटापाण्यासाठी मुंबईत आलो, पण गावाची बाग काही डोक्यातून जात नाही. आज आपण द्राक्षाचा इतिहास बोलू या. या इतिहासात दूरचा फ्रान्स देश येतो, आमचं रेल्वेचं गाव येतं, आणि तुमचे हातही येतात. पण बहुतेक वेळा हा इतिहास सांगताना हातांचं नाव राहून जातं.

सुरुवात एका शब्दापासून करू. तुमच्यापैकी जिच्या घरी द्राक्षबाग आहे किंवा जी बागेत मजुरीला जाते, तिला 'बोर्डो' हा शब्द माहीत आहे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं कालवायचं, मग एकत्र करायचं, आणि लोखंडी भांडं वापरायचं नाही. निळसर पाणी तयार होतं. छाटणीनंतर वेलींवर ते मारतात. पण बोर्डो म्हणजे काय? ते एका गावाचं नाव आहे. फ्रान्सच्या पश्चिमेला समुद्राजवळ बोर्डो नावाचं शहर आहे, आणि त्याच्या भोवतालचा मुलूख लाल वाइनसाठी जगभर प्रसिद्ध आहे.

लाल वाइन कशी होते, तेही ऐका. काळी द्राक्षं चेचतात आणि रस सालींसकट पिंपात ठेवतात. किण्व, म्हणजे यीस्ट, रसातली साखर खातं आणि तिचं मद्य होतं. रंग येतो तो सालीतून. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही आतला रस पांढराच असतो. म्हणून लाल वाइनला लहान मणी, जाड साल आणि भरपूर बी चालते. आपल्याला खायला जे द्राक्ष आवडतं, मोठ्या मण्याचं, पातळ सालीचं, बिनबियांचं, त्याच्या अगदी उलट.

आता बोर्डोच्या बागांवरचं संकट. १८६० नंतरच्या काळात अमेरिकेहून आणलेल्या वेलींबरोबर एक बारीक किडा फ्रान्सात आला. तो मुळांतला रस शोषायचा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बागा वाळून गेल्या, कुटुंबं देशोधडीला लागली. शेवटी उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तिथल्या रानवेलींची मुळं या किड्याला दाद देत नव्हती. मग खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच वेलीचं कलम, अशी बाग उभी राहिली. आपल्याकडे नाशिक, सांगली, सोलापूरला डॉगरिज खुंटावर कलम करतात ना, तो खुंटही अमेरिकेतलाच. आपल्याकडे तो आला तो पाणी कमी आणि जमीन खारवट म्हणून. कारण वेगळं, पण युक्ती तीच.

एक संकट सरतंय तोवर दुसरं आलं. पानांवर केवडा पडू लागला, तोच केवडा जो आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसात बाग बसवतो. १८८२ च्या सुमारास बोर्डोच्या विद्यापीठातले वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे एका बागेजवळून जात होते. रस्त्याकडेच्या वेलींची पानं हिरवीगार, आतल्या वेलींची मात्र गळालेली. चौकशी केली तेव्हा कळलं की येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून मालक कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडतात. चोर पळवायला केलेल्या उपायाने रोग पळाला होता. मिलार्देंनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. तेच आपलं बोर्डो मिश्रण. म्हणजे शास्त्रज्ञाने शोधण्याआधी ते शेतकऱ्याच्या हाताने केलेलं होतं. नाव मात्र राहिलं शहराचं आणि प्राध्यापकाचं.

आता आपल्या मुलखात येऊ. आमच्या कांजूरमार्गच्या पुढचं स्टेशन भांडुप. १८४३ मध्ये मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला आले असताना, मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे घाटांकडे रेल्वे न्यावी ही कल्पना त्यांना सुचली, अशी जुनी नोंद आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८६५ मध्ये रेल्वे थळ घाट, म्हणजे कसारा घाट, चढून गेली. नाशिकच्या नाजूक मालाला मुंबईची बाजारपेठ जवळ आली. आज द्राक्षांच्या पेट्या ट्रकमधून महामार्गाने आमच्याच दारावरून जातात.

आपल्याकडची द्राक्षशेती मात्र बोर्डोहून फार वेगळी आहे. तिथे थंडीत वेल झोपतो, वर्षाला एकदा छाटणी, आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. आपल्याकडे वेलाला झोप नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि फेब्रुवारी ते एप्रिल तोडणी. आधी भोकरी, अनाब-ए-शाही अशा जाती होत्या. पुढे थॉम्सन सीडलेस आली आणि तिच्यातून आपल्याच शेतकऱ्यांनी नव्या जाती निवडल्या. तासगाव भागातून तास-ए-गणेश आली. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका दिली. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं.

आणि या सगळ्यात बाई कुठे? फळछाटणीनंतरचे दिवस मोजा. जादा फुटवे काढणं, घड विरळणं, एकेक घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, पानं काढणं, तोडणी, निवड, पेटी भरणं. मांडवाखाली दिवसभर मान वर करून उभं राहायचं आणि कात्रीने घडातले नेमके मणी काढायचे. जास्त काढले तर वजन जातं, कमी काढले तर घड दाटतो आणि सडतो. हे कौशल्य आहे, 'वरकाम' नव्हे. दरवर्षी सुरगाणा आणि पेठकडच्या आदिवासी बायका-पुरुष टोळ्यांनी दिंडोरी-निफाडच्या बागांत उतरतात ते याच कामासाठी. परदेशी जाणारा एकसारखा मणी आधी त्यांच्या बोटांतून जातो.

मग वाइन आली. १९८० च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाइन बनू लागली. १९९९ मध्ये नाशिकजवळ सुला सुरू झाली. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं. विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. काबर्ने सोव्हिन्याँ, शिराझ अशा फ्रान्सहून निघालेल्या जाती दिंडोरीच्या मातीत रुजल्या. पण मागणी घसरली तेव्हा, २००९ च्या आसपास, अनेक शेतकऱ्यांचा माल पडून राहिला. वाइनचं द्राक्ष लहान, बियांचं. ते बाजारात खायला कोण घेणार? कितीतरी जणांनी बागा उपटल्या. शिवाय या द्राक्षाला घड बुडवणं नाही आणि मणी विरळणंही फारसं नाही. म्हणजे बाईच्या हाताला कामाचे दिवसही कमीच.

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याला भाव मिळेल, असं एका बाजूचं म्हणणं. घराघरांत बाटली जाईल, असं दुसऱ्या बाजूचं. विरोध झाला आणि निर्णय रखडला. आमच्या गटातही यावर दोन मतं आहेत, आणि ती राहू देत. पण एक गोष्ट आम्हाला खटकली. दोन्ही बाजू शेतकऱ्याचं आणि संसाराचं नाव घेत होत्या. जी बागेतही राबते आणि दारूचा मारही सोसते, तिला कुणी विचारलं का?

असं विचारणं नाशिक जिल्ह्याला नवीन नाही. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. खेड्यापाड्यांतून बायका लोटल्या. शेतकरी म्हणजे फक्त पुरुष नव्हे, हे तिथे ठासून मांडलं गेलं. पुढे शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीची हाक दिली: नवऱ्याने आपल्या जमिनीत बायकोचं नाव लावावं. १९९२ मध्ये सरकारनेही परिपत्रक काढलं. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं.

इथे फ्रान्सचीच एक गोष्ट आठवते. तिथे १८०४ च्या कायद्याने विवाहित बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय व्यवहार करता येत नसे. विधवेला मात्र करता येई. १८०५ मध्ये शांपान्य भागात क्लिको नावाच्या घरातली सून सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली, वाइनचा धंदा तिने हातात घेतला आणि जगात नाव काढलं. आजही त्या बाटलीवर 'विधवा क्लिको' असंच लिहिलेलं असतं. हुशारी तिच्यात आधीही होतीच. कागदावर जागा मिळाली ती नवरा गेल्यावर. आपल्याकडे काय वेगळं आहे? किती जणींचं नाव सातबाऱ्यावर पहिल्यांदा येतं ते वारस नोंदीतच. बाग गेली, कर्ज राहिलं, आणि मग नाव आलं.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बचत गटाच्या बैठकीत दोन गोष्टी करा. एक, ज्यांच्या घरी जमीन आहे त्यांनी सातबारा काढून आणा आणि आपलं नाव आहे का ते बघा. नसेल तर लक्ष्मी मुक्तीच्या अर्जाचं घरात बोला, सगळं सुरळीत आहे तेव्हाच बोला. दोन, ज्या मजुरीला जातात त्यांनी विरळणीचे दिवस आणि रोज वहीत लिहून ठेवा. आणि गावातल्या दारू दुकानाचा प्रश्न असेल तर कायदा तुमच्या बाजूला आहे: २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, गुप्त मतदान घ्यायला लावायचं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद.

बोर्डोचं नाव आपल्या प्रत्येक बागेत रोज घेतलं जातं. ज्या बाईने ती बाग जगवली, तिचं नावही कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. ते लिहायची जागा तलाठ्याच्या दप्तरात आहे.

पुढच्या भागात पुन्हा बोलू. नमस्कार.