मेमरी चिपचा बाजार जपानच्या हातून कसा गेला?

१९८० च्या दशकाच्या मध्यावर जगात विकल्या जाणाऱ्या दर पाच डीरॅम मेमरी चिपपैकी जवळपास चार जपानी होत्या. एनईसी, हिताची, तोशिबा या नावांनी तेव्हा अमेरिकेची झोप उडवली होती. आणि २०१२ च्या फेब्रुवारीत त्याच जपानमधली डीरॅम बनवणारी शेवटची मोठी कंपनी, एल्पिडा, दिवाळखोरीत गेली. मधल्या पाव शतकात झालं तरी काय?

अमेरिकेनं गळा आवळला, हे नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही. १९८५ च्या प्लाझा करारानंतर दोन-सव्वादोन वर्षांत डॉलर २४० येनवरून १२० च्या आसपास आला, म्हणजे जपानी माल परदेशात महागला. १९८६ च्या सेमीकंडक्टर करारानं जपानी चिपना किमान भाव बांधून दिला. आता गंमत बघा. भाव चढले, तर फायदा कोणाचा? ज्याच्यावर बंधन नाही त्या तिसऱ्याचा. कोरियाच्या सॅमसंगनं १९८३ मध्येच ६४ किलोबिटची डीरॅम बनवली होती, तीही अमेरिकेच्या मायक्रॉनकडून तंत्र घेऊन.

पण मला विचाराल, तर मोठं कारण जपानच्या कारखान्यातच होतं. त्यांची डीरॅम मेनफ्रेम संगणकांसाठी, टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडलेली. ते गिऱ्हाईक वीस-पंचवीस वर्षं टिकेल अशी चिप मागायचं. पुढे मागणी वळली पीसीकडे. पीसी चार-पाच वर्षांत अडगळीत जातो हो! त्यात पंचवीस वर्षांची चिप घालून करायचं काय? कोरियानं कमी टप्प्यांत, स्वस्तात चिप काढली. ज्या काटेकोरपणानं आपण जिंकलो तोच सैल करा, हे जपानी इंजिनिअरच्या गळी उतरणं कठीण होतं. त्यांना हट्टी म्हणणं सोपं आहे. मला ते तितकं सोपं वाटत नाही.

त्यात पैशाचा प्रश्न. जपानमध्ये चिप हा अवाढव्य कंपनीचा एक विभाग. मंदी आली की नव्या यंत्रांचा निर्णय बैठकांमध्ये अडकायचा. सॅमसंगचा मालक मात्र मंदीतच पैसा ओतायचा. तैवानमध्ये १९८७ साली टीएसएमसी निघाली, तिनं तर फक्त दुसऱ्यांच्या चिप बनवून देण्याचा धंदा मांडला. सगळं घरातच करणाऱ्या जपानी कंपन्यांना त्यात काही दम वाटला नाही.

एल्पिडा १९९९ मध्ये एनईसी आणि हिताचीचे डीरॅम विभाग एकत्र करून उभी केली होती. २०१३ मध्ये ती मायक्रॉननं विकत घेतली, हो, तीच मायक्रॉन. हिरोशिमा भागातला तिचा कारखाना डीरॅमच बनवत राहिला, फक्त दारावरची पाटी बदलली.